बाहेर मार

कय्यूमभाऊंनी फळ्यावर खडूने काढलेला बाण नूतनने तळहाताने पुसून टाकला.

"आता पुढं कोनीच जानार नाई," ती म्हणाली. "साऱ्या जनी मागं. बॉल आला का बाहेर मारायचा."

हाफटाइम होता. चंद्रपूरच्या मैदानाच्या कडेला, मांडवाच्या सावलीत वडशाच्या पोरी पाय पसरून बसल्या होत्या. त्यांचा एक गोल झाला होता, तोही गर्दीत कोणाच्या तरी गुडघ्याला लागून. आणखी पंचेचाळीस मिनिटं तो टिकवला की राज्याची स्पर्धा, आणि तिथलं सर्टिफिकेट हाती आलं की पोलीस भरतीत खेळाडूंच्या कोट्यातून अर्ज. नूतनची भरती दोनदा दोन-दोन मार्कांनी हुकली होती. पुढच्या वर्षी तिचं वय निघून जाणार होतं.

"असं खेळाले शिकवलं का मी तुमाले?" कय्यूमभाऊंनी विचारलं.

पोरींनी माना खाली घातल्या. अकरा वर्षं भाऊंनी एकच गोष्ट शिकवली होती. चेंडू जमिनीवर, पास छोटा, मान वर. आंधळी लाथ मारली की मैदानाला एक चक्कर. वडशाचा खेळ बघायला लोक दुकानं सोडून यायचे. पोरी सेमीफायनलला हरून परतल्या तरी स्टेशनवर म्हणायचे, काय देखणं खेळल्या!

"भाऊ, तुमाले रेल्वेत फुटबॉलवरच घेतलं ना?" नूतन म्हणाली.

"हो."

"जिंकले होते म्हनून घेतलं, का सुंदर खेळले म्हनून?"

भाऊंनी खडू खिशात घातला. शिट्टी वाजली.

प्रशिक्षकाने उभं राहायचं म्हणून चुन्याने आखलेला चौकोन पाच पावलांचा होता. भाऊ त्यात येरझाऱ्या घालत राहिले. समोर त्यांच्याच पोरी चेंडू पायाशी आला की डोळे मिटल्यासारख्या भिरकावत होत्या. यवतमाळच्या पोरी पुन्हा पुन्हा चालून येत होत्या. मागून कोणीतरी ओरडलं, "फुटबॉल खेळून राह्यल्या का गोटे फेकून राह्यल्या?" लोक हसले. भाऊंनी मागे पाहिलं नाही. एकदा नकळत त्यांचा पाय रेषेबाहेर पडला, तर पंचाने बोट दाखवून त्यांना आत घेतलं.

शेवटची दोन मिनिटं उरली होती. नूतनने एकीच्या पायातून चेंडू काढला, गर्रकन वळली, दुसरीलाही चुकवलं. यवतमाळचा सगळा संघ पुढे आलेला. उजवीकडे पिंकी एकटी, हात वर करून धावत होती. मध्ये नुसतं रिकामं मैदान. नूतनने मान वर केली. ही मान वर करायला लावण्यात भाऊंची दोन वर्षं गेली होती.

"बाहेर मार!"

नूतनने दचकून चौकोनाकडे पाहिलं, तेव्हा भाऊंना कळलं की आवाज आपलाच होता.

तिने लाथ मारली. चेंडू कुंपणावरून रस्त्यावर गेला. दुसरा चेंडू आत येईपर्यंत वेळ सरला.

पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. आयोजकांनी भाऊंना हार घातला. "डाव बरोबर टाकला, कय्यूमभाऊ," कोणीतरी म्हणालं. भाऊंनी मान हलवली आणि हार काढून हातात धरला.

नूतन मांडवाच्या खांबाला टेकून बूट सोडत होती. भाऊ राज्य स्पर्धेचे फॉर्म घेऊन तिच्याजवळ बसले.

"पिंकी मोकळी होती, भाऊ," ती नाडीकडे पाहत म्हणाली. "तुमाले तिथून दिसली नसन."

"दिसली."

नूतनचा हात नाडीवरच थांबला. ती त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली.

भाऊंनी पेनाचं टोपण काढलं आणि फॉर्म मांडीवर सरळ केला.

"पूर्ण नाव सांग," ते म्हणाले.