बर्गामोटच्या वासाने

द्राक्षांचा हंगाम सरला तेव्हापासून म्हाताऱ्या लेओची झोप उडाली होती. दिवसरात्र घरभर येरझाऱ्या. कपाटं उघड, दारं लाव, पुन्हा उघड. त्याच्यामागे फिरून थोरली मुलगी मिम्मा पार मोडून गेली होती. परवा तिने कॉफीत साखरेऐवजी मीठ घातलं आणि तशीच पिऊन टाकली. दुसरी करायचं त्राण नव्हतं.

धाकटी तिल्दे रेज्जो शहरात सुगंधी तेलांनी मालिश करायचं दुकान चालवायची. शनिवारी दुपारी ती आली ती बर्गामोट या लिंबासारख्या फळाच्या तेलाची बाटली घेऊन.

"माझ्याकडची माणसं याच्या नुसत्या वासाने सैलावतात, ताई. बघ, बाबा कसे गाढ झोपतील."

"झोपू देत बाई. मग मीही पडेन कुठेतरी."

तिल्देने गरम पाण्याच्या वाडग्यात काही थेंब सोडले. थोडं तेल बदामाच्या तेलात कालवून बाबांच्या तळपायांना चोळलं. आंबटगोड वास खोलीभर पसरला, तशा मिम्माच्याच पापण्या जड झाल्या. म्हाताऱ्याने मात्र दोनदा हुंगलं आणि ताडकन उठून बसला. बर्गामोटची फळं तोडणाऱ्या टोळ्या चालवण्यात त्याचा जन्म गेला होता.

"तोडणी सुरू झाली आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"बाबा, तुम्ही काम सोडून जमाना झाला," तिल्दे म्हणाली.

"माझे बूट कुठायत? आणि तुम्ही दोघी काय पाहुण्या आलात? उठा."

मिम्माने धाकटीकडे पाहिलं. "छान झोपवलंस हं."

अडवण्यात अर्थ नव्हता. म्हातारा पुढे, मुली मागे, अशी वरात कोरडं नदीपात्र ओलांडून शेजारच्या सान्तोच्या बागेत पोचली. सान्तो फळं खोक्यांत भरत होता. मिम्माने लांबूनच हात जोडले. तो काय ते समजला.

"या लेओकाका, तुमचीच वाट बघत होतो," म्हणत त्याने करंडी पुढे केली.

म्हातारा कामाला लागला. फळ तोडायचं, हुंगायचं, करंडीत ठेवायचं. मधूनच मुलींवर डाफरायचा, "गप्पा नंतर मारा." हळूहळू हात मंदावले. मग तो उलट्या खोक्यावर बसला, झाडाला टेकला आणि घोरायला लागला.

"गारठा बाधेल. उठवू या," तिल्दे म्हणाली.

"हात तर लावून बघ." मिम्माने आपली शाल त्याच्या अंगावर घातली आणि शेजारी मातीतच बसकण मारली.

"रोज असंच असतं का गं?"

"रोज बाग नसते. बाकी असंच."

तिल्दे चार पावलं बाजूला जाऊन फोनवर बोलू लागली. "नाही, सोमवारी नाही. अख्खा आठवडा दुकान बंद ठेवा. मी घरी आहे."

मिम्माने ते डोळे मिटूनच ऐकलं. तिने पाय लांब केले, आणि तिला तिथेच झोप लागली.