निसणा आणि मिशी

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या पद्मिनीच्या हातची धार कशी असायची, हे सांगितलं तर तुम्ही म्हणाल म्हातारा फेकून राहिला. म्हणा. पण तिनं धार लावलेला वस्तरा एकदा ओसरीवर उघडा पडला होता. त्यावरून एक माशी उडत गेली आणि पलीकडे दोन अर्ध्या माश्या उतरल्या. दोघींनाही बराच वेळ काही कळलंच नाही.

दाढी करायचा तिचा नवरा मारोती, दुकानात. धार लावायची पद्मिनी, घरात. त्यांच्याकडे धार लावायचा काळा दगड होता, निसणा. खारून नदीच्या डोहातून निघालेला, म्हशीच्या नाकासारखा थंड. बाजारातले निसणे कारखान्यात बनतात. हा नदीनं बनवला होता, आणि बनवताना तिला कसलीच घाई नव्हती.

मारोती आजारानं गेला. दहाव्याला महादेव घाटावर भावकीतल्या सगळ्या पुरुषांनी डोकं आणि मिशी उतरवली. उतरवली नाही ती एकट्या शंकरनं, मारोतीच्या सख्ख्या धाकट्या भावानं. तोही वस्तराच चालवायचा. त्याची मिशी एवढी झुपकेदार की चिमण्या तिच्याकडे जागा बघायला यायच्या. एकीनं तर काड्या आणायलाही सुरुवात केली होती.

"माहा धंदा मिशीवर चालते," तो म्हणाला.

तेवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण पद्मिनी नदीत आंघोळीला उतरली, आणि ती वर येईपर्यंत त्यानं हजामतीसाठी घाटावर आणलेल्या मारोतीच्या धोकटीतून निसणा काढून स्वतःच्या खिशात घातला.

"बाईमाणसानं वस्तऱ्याले हात लावू नये, वैनी. लोक हसतात."

पद्मिनी घाटावरून तडक घरी आली. ओले केस पिळता पिळता मला, शेजारच्या म्हाताऱ्याला, म्हणाली, "काका, मले दगड पायजे अन् त्याची मिशीबी पायजे. तोवर माह्या नवऱ्याचं दहावं झालं नाही."

"हिसकून आणू का?"

"नाही. तो स्वतःच देईन."

शंकरनं तेलीबांध्याला तलावासमोर काचेचं सलून टाकलं. निसणा मखमलीवर ठेवला, त्यावर दिवा सोडला आणि पाटी लावली : आमच्या दादाजींचा दगड, शाही दाढी, इथं ब्लेडला मनाई. दगड होता, पण धार लावणारा हात ब्राह्मणपाऱ्यातच राहिला होता. गिऱ्हाइकं आत येताना फोटो काढायची आणि गाल धरून बाहेर पडायची. मग एक दिवस शंकर माझ्याकडे आला.

"काका, हे वस्तरे वैनीकडून करून आणा ना. माहं नाव नका सांगू."

मी वस्तरे डब्याच्या पिशवीतून नेले आणि पद्मिनीला सांगितलं, मिलिटरीतल्या एका कर्नलचे आहेत. तिनं एकाची मूठ उलटीपालटी करून पाहिली.

"शंकर मिलिटरीत कधी भरती झाला?"

मी चहा मागितला. दुसरं काय करणार?

मला वाटलं, ती वस्तरे नाल्यात फेकेल. तिनं पदर खोचला आणि बाजारातला साधा दगड पुढ्यात ओढला. "धार लावून देते. नीटच लावून देते. आधी उंच चढू द्या त्याले."

आणि तिनं खरंच लावून दिली. मी न्यायचो, आणायचो. शंकरचं नाव रायपूरभर झालं. प्रत्येक वेळी ती विचारायची, "गर्दी वाढली का?"

"हव."

"अजून वाढू द्या."

शेवटी एका ठेकेदाराच्या पोराचं, सौमित्रचं लग्न निघालं. नवरदेवाची शाही दाढी तलावाकाठी, सलूनच्या पाटीखाली, सगळ्या वऱ्हाडासमोर करायची ठरली. मी वस्तरा घेऊन पद्मिनीकडे गेलो तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "चेहरा एकच ना?"

आता इथं थोडं समजून घ्या. दगडावर वस्तरा दोन्ही बाजूंनी घासला की अगदी टोकाला लोखंडाचा एक पापुद्रा उभा राहतो, केसाहून पातळ. जाणता माणूस शेवटी अलगद हातानं तो काढून टाकतो. नाही काढला तर त्याला खोटी धार म्हणतात. ती केस कापते, बोटाला चटका देते, सगळ्या परीक्षा पास होते. अर्ध्या दाढीनंतर मात्र मुडपते. त्या दिवशी पद्मिनीनं पापुद्रा ठेवला.

मग माझ्याच स्कूटरवर मागे बसून तेलीबांध्याला आली.

नवरदेवाचा उजवा गाल असा उतरला की लोकांनी टाळ्या वाजवल्या. डाव्या गालावर वस्तरा अडला. सौमित्र खुर्चीतून वीतभर उठला.

"भैया, दाढ़ी बना रहे हो कि खेत जोत रहे हो?"

शंकरनं वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवला. धार आणखी मुडपली. पुढच्या ओढीला नवरदेवाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या मावशीला वाटलं, नवरीच्या आठवणीनं.

"वो दादाजी वाला पत्थर है ना," सौमित्रचा मित्र फोन जवळ आणत म्हणाला. "उसपे लगाओ धार. लाइव चल रहा है."

शंकरनं निसणा उचलला आणि करपलेल्या कढईचा तळ घासावा तसा वस्तरा घासला. त्या वस्तऱ्यानं आता वरण कापलं गेलं नसतं. तिकडे बँडवाले तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजवत होते. ब्लेड काढावं तर पाटी डोक्यावर आणि फोन तोंडासमोर.

"सरका," पद्मिनी म्हणाली. गर्दी सरकली.

"वैनी? तुम्ही कशा?"

"धार माहीच होती. आजचीबी अन् आधीच्या सगळ्याबी." हे ती फोनकडे बघून बोलली. "पोट्ट्याचा गाल करून देते. आधी दगड दे."

शंकरनं दिला.

"आता बस."

"कुठं?"

"त्या दुसऱ्या खुर्चीत. तुहं दहावं राह्यलंय."

शंकरचा हात मिशीकडे गेला. "वैनी, लोक पाहून राहिले."

"घाटावरबी पाहून राहिले होते."

"बैठ जाओ ना भैया," अर्ध्या दाढीतून सौमित्र म्हणाला. "मेरी बारात खड़ी है."

शंकर बसला. पद्मिनीनं पिशवीतून मारोतीचा वस्तरा काढला, निसण्यावर बाटलीतलं पाणी ओतलं आणि हात चालवला. तो आवाज ऐकून तलावातल्या बगळ्यांनी माना आत ओढून घेतल्या. मग तिनं शंकरची हनुवटी चिमटीत धरली आणि मिशी उतरवली. हळूहळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुणाचाही फोन चुकू नये अशी.

आणि तिचा हात थांबला.

यापुढचं मी काहीही वाढवून सांगत नाही. मारोती कायम सफाचट असायचा. मिशी गेली आणि खालून निघाला तो ओठ सगळा मारोतीचा. मधली तीच खळ, डावीकडे जरासा वर ओढलेला तोच कोपरा. इतकी वर्षं केसांखाली तो कुणाला दिसलाच नव्हता.

"काय झालं, वैनी?" शंकरनं विचारलं. आवाज शंकरचा, तोंड मारोतीचं.

पद्मिनीनं वस्तरा पाण्यात बुडवला, बराच वेळ हलवत राहिली. मग पाठ फिरवून नवरदेवाचा गाल पुरा केला. एकदाही बाजूला पाहिलं नाही. वरात निघून गेली. तिनं निसणा पदराच्या टोकात बांधला आणि माझ्या स्कूटरवर येऊन बसली.

शंकर फुटपाथवर उभा होता, उघडा ओठ हातानं झाकून.

"शंकर," ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "मिशी वाढव."

"हव, वैनी."

"लवकर वाढव. तोवर माह्यासमोर येऊ नको."