पहिली धार माझ्यावर

मी काळ्या छत्रीचा एक तुकडा. हसू नका. मोडक्या छत्रीचं कापड पोतेरं होऊन चुलीपुढं मरतं, हे मलाही ठाऊक आहे. पण माझ्या नशिबात गाईची कास होती आणि त्याबद्दल मी देवाचे उपकारच मानतो.

माझी छत्री हन्नाबाईंनी दौंडच्या बाजारातून आणली. शिरूरच्या मिशनशाळेत त्या शिकवायच्या. एका वावटळीत छत्रीच्या काड्या उलट्या झाल्या, कापड टराटरा फाटलं. त्यांचे यजमान येशुदास गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. त्यांनी मला गोल कापून पितळी पेल्याच्या तोंडावर ताणलं आणि सुतळीनं करकचून बांधलं. नासक्या दुधातले पांढरे कण पांढऱ्या भांड्यात लपतात, काळ्यावर लपत नाहीत, असं ते हन्नाबाईंना सांगत होते. मी मनात म्हटलं, चला, लागलो कामाला!

एका सकाळी येशुदास मला घेऊन न्हावऱ्याला सोजराबाईंच्या गोठ्यात गेले. त्यांची मैना गाय नुकतीच व्यायली होती. मागल्या वेताला तिची कास दगडासारखी झाली आणि एक सड कायमचं गेलं. शेजारच्या पुतळाबाईंची दृष्ट लागली, असं सोजराबाईंनी धरलं आणि जिवाभावाच्या मैत्रिणीशी बोलणं टाकलं. आता तर घोर मोठा होता. सुनेला दूध नव्हतं. तान्ही नात शेवंता मैनेच्याच दुधावर जगत होती, आणि धार काढताना मैना मागल्या वेतासारखीच पाय झाडू लागली होती.

येशुदासांनी पहिल्या धारा माझ्यावर काढायला सांगितल्या. बाई तडकल्याच. पहिली धार धरणीची, हा त्यांच्या सासूपासूनचा नेम. दोन्ही वेळा त्या आधी गोठ्याच्या मातीत धार सोडायच्या, मगच चरवी पुढं ओढायच्या.

“धरणीमायचा वाटा मोडक्या छत्रीवर? न्हाई जमायचं,” त्या म्हणाल्या.

येशुदास वाद घालत बसले नाहीत. “मावशी, धरणी काय गोठ्यातच हाय व्हय? आधी हितं बघू, मग बांधावर न्हेऊन द्या तिचा वाटा.”

 बाई धार काढायला खाली बसल्या. दोन सडांचं दूध माझ्यावर स्वच्छ पडलं. तिसऱ्याची धार आली आणि माझ्या काळ्या अंगावर दह्यासारखे बारीक कण उमटले. येशुदास म्हणाले, ही दगडी, कासेचा रोग. पण लवकर दिसली, सड वाचेल.

सोजराबाईंचे हात कासेवरच थबकले. “मागल्या वेतालाबी आसंच आसंल,” त्या हळूच म्हणाल्या. “मी रोज मातीत घातलं, दिसलंच न्हाई, आन् पुतळीला बोल लावला.”

येशुदासांनी सडात औषध घातलं. नंतरही रोज सायकल हाणत येत राहिले. त्या सडाचं दूध लांब बांधावर गेलं, शेवंताला बाकीच्या दोन सडांचं मिळालं. हळूहळू माझ्यावरचे कण कमी झाले आणि एक दिवस धार निव्वळ पांढरी पडली. तो आनंद मी काय सांगू! सोजराबाईंनी त्या दिवशी पेला काही परत दिला नाही.

आता माझा काळा रंग विटलाय. पांढरा कण पडला तरी माझ्यावर दिसायचा नाही. पेल्यावर नवं काळं कापड आलंय, आणि आता चालती-बोलती झालेली शेवंता दोन्ही हातांनी तो पेला सांभाळत धरणीचा वाटा बांधावर नेते. बायांनो, तुमचा नेम मोडू नका. धरणीला देण्याआधी ती धार एकदा नजरेखालून घाला, एवढंच मागणं आहे.

मला मात्र कुणी पोतेऱ्यात टाकलं नाही. मैनेच्या गळ्यात दृष्टीसाठी बांधायचं ठरलं. येशुदास हे ऐकून नुसते हसले. सोजराबाई मला मुठीत घेऊन, इतक्या दिवसांचा अबोला मोडून, शेजारच्या दारात गेल्या, पुतळाबाईंना हाताला धरून गोठ्यात घेऊन आल्या आणि मला त्यांच्या हातात दिलं.

“पुतळे, तुझ्याच हातानं बांध,” त्या म्हणाल्या.

पुतळाबाईंनी मला मैनेच्या गळ्यात बांधलं. गाठ पक्की बसली, अजून सुटलेली नाही.