दारावरचा भूकंपमापक

मित्रांनो, औशाकडच्या एका शाळेत खिचडीचा तांदूळ ठिवायची खोली हाय. तिच्या दारावर निळ्या रंगात लिवलेला शब्द म्हंजे मी, भूकंपमापक.

माझा जलम तिघांपासून झाला. भू लई आळशी, हजार वर्षं नांगराखाली पडून कूस बदलली न्हाई. कंप म्हाताऱ्यांच्या हातात ऱ्हायचा, बशीतला चहा सांडायचा. मापक उदगीरच्या मोंढ्यात धान्य मापायचा. एका पंडितानं तिघांना एका दाव्याला बांधलं, तवा मी झालो. खोटं वाटतंय? वाटू द्या.

मोठ्या भूकंपानंतर ह्या खोलीत मशीन बसलं. राजशेखर गुरुजींनी मला दारावर रंगवलं. शाळा तपासायला आलेले सायेब म्हणले, अक्षर झकास. मी फुगलो. पोरं मला पाटीवर गिरवायची, पण अर्थ कुणी इचारला न्हाई.

शाळेमागं जगदेवीआजी ऱ्हायची. त्या भूकंपात तिची थोरली बहीण झोपेतच गेली. तवापासून ही उशाला स्टीलचे गिलास एकावर एक रचून झोपायची. भुई हलली की गिलास पडावे, जाग यावी, पळता यावं. एकदा तिनं गुरुजींना इचारलं, ही मशीन काय करती. गुरुजी घाईत होते. म्हणले, "भूकंपमापक हाय आजी. आता बिनघोर झोपा."

आजीनं गिलास मांडणीत ठिवले. भुई हलायच्या आधी सांगणं का झोपलेल्याला उठवणं माझ्या हातात न्हाई, हे मला म्हाईत होतं. पण तोऱ्यात होतो, गप ऱ्हायलो.

औंदा एका दुपारी भुई हलली. तांदळाच्या पोत्यांआड मशीननं इमानदारीनं रेघ काढली. आजी झोपलेलीच. भिंतीचा दगड तिच्या हातावर पडला.

प्लास्टरचा हात घेऊन ती माझ्यापुढं उभी ऱ्हायली. नातीला, दीपमालाला, म्हणली, "वाच गं. सुटं सुटं करून वाच."

दीपमालानं वाचलं. भू म्हंजे भुई, कंप म्हंजे थरथर, मापक म्हंजे मापणारा.

आजीनं चांगल्या हातानं दारावरची अक्षरं चाचपली. मंग म्हणली, "मापणारा व्हय. धान्याची रास झाल्याबिगर माप लागतंय का कधी? एवढं तर मला बी कळलं असतं, माय. कुणी सांगितलंच न्हाई."

मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

म्हणून सांगतो मित्रांनो, मोठा शब्द भेटला की नुसती मान डोलवू नका. त्याला सोडवून बघा, अन् ज्याला वाचता येत न्हाई त्याला सोडवून सांगा.

आता दीपमाला रोज आजीच्या उशाला तीन गिलास रचती. खालचा भू, मधला कंप, वरचा मापक. आजी म्हणती, "ह्यो मापक बरा. पडतो तरी."