चप्पल घालता घालता

पचौरी सरनं आमच्या बालाघाटच्या कॉलेजात बोलण्याचा क्लास काढला, तवा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाले होती. सन अडुसष्टची गोष्ट. सर जबलपूरचे. दर शनिवारी दोन तास ते आमाले समजावत, की समोरच्याले बोलू द्यावं. त्या दोन तासात समोरच्या एकानंही तोंड उघडलं नाही. उघडणार कधी? सर श्वास घ्यालेही थांबत नव्हते.

त्याईचा पहिला नियम फळ्यावर कायम लिहिलेला राहे. काम की बात पहले वाक्य में. "जो घुमा-फिराकर बोलता है, उसे नौकरी कौन देगा?" सर विचारत. मी मनात म्हणे, बापा, मंग तं आमच्या अख्ख्या मोहल्ल्याले कोनी नौकरी देणार नाही.

आमच्याकडे कामाची गोष्ट पहिले सांगतच नाहीत. शेजारची चंपाबाई वाटीभर हळद मांगाले येते. येते, बसते, पाणी पिते. धान निसवलं का, सून किती झोपते, वैनगंगेले पाणी किती हाय, सारं होते. मंग उठते, उंबऱ्यापाशी जाते, एक पाय चपलेत घालते आन म्हणते, "अवं दुर्गाबाई, एक राह्यलंच. हळद हाय का वं थोडी?" अन् आई उंबऱ्यापर्यंत गेलेलीच असते, कारण खरी गोष्ट तिथंच होणार हे तिले ठाऊक असते. आल्या आल्या तोंडावर सांगाची असते ती फक्त मयताची खबर.

तरी मी सरचा नियम घरी लावून पाह्यला. आई तांदूळ पाखडून राह्यली होती. मी समोर उभी राह्यली, तिच्या डोळ्यात डोळे घातले (हेही सरचंच शिक्षण) आन म्हटलं, "आई, मले नवी चप्पल पाहिजे."

आईच्या हातचं सूप खाली पडलं. "कोन गेलं वं?"

"कोनी नाही गेलं! चप्पल पाहिजे."

"मंग अशी काहून बोलून राह्यली? जीव घेशील माहा!"

चप्पल मिळाली. पन दोन दिवस आई मामाच्या गावचं कोनी खबर घेऊन येते का म्हणून रस्ता पाहत होती.

चप्पल पाहिजे होती मुलाखतीसाठी. तिरोडीकडच्या एका खाणीत मँगनीज फोडणाऱ्या बायाईसाठी एक शिकलेली बाई ठेवाची होती. बायाईच्या तक्रारी ऐकाच्या आन साहेबाले सांगाच्या, एवढंच काम. बाबानं साफ सांगतलं होतं, "एक डाव जाऊन पाय, अनुसया. नाही जमलं तं वारासिवनीच्या पाहुण्याईले हौ म्हणतो." पाहुणे म्हणजे राइस मिलवाले. पोरगा मले पाहाले आलता, तवा त्यानं ताटातलं भाताचं शीत चिमटीत धरून उजेडात फिरवून पाह्यलं. माह्याकडे पाहाचं राहूनच गेलं त्याचं. त्या घरात जाच्या विचारानंच मले घाम फुटे. मले ती नौकरी पाहिजे होती, लय पाहिजे होती.

मुलाखत डाक बंगल्यात. टेबलामागं तीन साहेब. बाजूचे दोघं बोलत होते, मधले मोठे साहेब म्हातारे, भंडाऱ्याकडचे, म्हणजे आमच्याच बोलीचे, ते पेंगून राह्यले होते. मी आत गेली आन सरची गोळी झाडली. "सर, मैं खदान की महिलाओं की सेवा करने आई हूँ."

"अच्छा, अच्छा," उजवीकडचे साहेब म्हणाले. "बगल के कमरे में खदान की एक बाई बैठी है. उससे शिकायत पूछिए और हमें बताइए. बस यही परीक्षा है."

माह्या आधी सरची लाडकी ललिता जाऊन आलती. तिनं एका वाक्यात उत्तर देल्लं, "गोदाबाई को कोई शिकायत नहीं है." साहेब एवढे खुश, की तिले चहा पाजला.

गोदाबाई खुर्ची सोडून भुईवर बसली होती. मी सरचं स्मरण केलं. "गोदाबाई, तुमची तक्रार काय हाय?"

"काही नाही बाई. सारं बरं हाय."

झालं. संपली परीक्षा. गोदाबाई उठली, तशी मीही उठली. पाहुणं उठलं की उंबऱ्यापर्यंत जाचं, ही खोड काही सरच्या क्लासनं गेली नव्हती. तिनं टायरच्या चपलेत एक पाय घातला आन मागं वळली.

"एक राह्यलंच बाई. पाळणाघराले कुलूप हाय. आत साहेबाच्या मोटारीचं सामान ठेवते. आमी लेकरं खड्ड्याच्या काठावर झाडाले बांधून ठेवतो, पदरानं. तुळसाबाईच्या पोराची गाठ सुटली. पाय गेला त्याचा."

मी तशीच टेबलापाशी गेली आन सारं सांगतलं.

"ऐसी शिकायत पहले तो किसी ने नहीं बताई," उजवीकडचे साहेब म्हणाले. "पहली लड़की से तो उसने कहा, सब ठीक है."

"ललिता उंबऱ्यापर्यंत गेली नसन," मी म्हटलं.

दोघंही हासले. "आप जा सकती हैं."

मी दारापाशी आली. नवी चप्पल, पायाले लागत होती. एक पाय घातला आन मले माह्या आईची, चंपाबाईची, साऱ्याईची आठवण आली. मी वळली. "एक राह्यलंच जी."

मोठ्या साहेबाईचे डोळे खट्टकन उघडले. भंडाऱ्याचा माणूस झोपेतही हे ऐकतेच.

"त्या कुलपाची किल्ली तुमच्यातल्या कोनापाशी हाय, ते सांगा. मले नौकरी नाही देल्ली तरी चालन... नाही, चालणार नाही, मले लय पाहिजे हाय. पन किल्ली गोदाबाईले द्या."

उजवीकडचे साहेब खाली पाहू लागले. मोठे साहेब उठले आन मले पोचवाले पायरीपर्यंत आले.

"धान कसं हाय तुमच्याकडं?"

"बरं हाय जी."

"पाणी भेटलं?"

"हौ जी."

मी फाटकाकडे वळली, तवा ते म्हणाले, "अन् आयक पोरी. एक तारखेले ये. किल्ली त्याईच्याकडून काढून ठेवतो, माह्यापासून घेजो."

पुढं पचौरी सरनं माहा फोटो नोटीस बोर्डावर लावला. वर 'हमारी कक्षा की सफलता', खाली तोच पहिला नियम.

मुलाखतीच्या दिवशी घरी आली, तं बाबा ओट्यावर बिडी ओढत बसले होते. "काय झालं?"

"काही नाही. असंच." मी पाणी प्याली. बांधावरच्या तुरीचं विचारलं. गाय किती दूध देऊन राह्यली, ते विचारलं. बाबानं हौ-नाही केलं, पन त्याईची नजर माह्या पायावर होती. मंग मी उठली, ओट्याखाली उतरली आन चपलेत एक पाय घातला. बाबाची बिडी तोंडापाशीच थांबली.

"बाबा, एक राह्यलंच," मी म्हटलं. "वारासिवनीवाल्याईले नाही म्हणून सांगा."