ढकललं, ढकललं म्हणे

ठाण्यातले सगळे तिला पोपटताई म्हणत, कारण तिचं काम पोपटाचं होतं. समोरचा जे बोलेल ते दुसऱ्या भाषेत जसंच्या तसं म्हणायचं, पदरचं घालायचं नाही आणि गाळायचंही नाही. डोंगरापलीकडून कामासाठी आलेल्या माणसांची भाषा साऱ्या शहरात ती एकटीच आपल्या भाषेत आणू शकत होती. तिची आई तिकडची. ती बारा वर्षांची असताना आई गेली. तोवर जेवढी भाषा कानावर पडली होती, तेवढ्यावर अकरा वर्षं तिची दुभाष्याची नोकरी चालली होती. तिची परीक्षा कुणी घेतली नव्हती. घेणार कोण? परीक्षकाला ती भाषा येत असती, तर तिला बोलावलंच कशाला असतं!

सोमवारी कपडे धुण्याच्या कारखान्यातलं प्रकरण आलं. इस्पितळांच्या चादरी धुणारा तो कारखाना. तिथला मेकॅनिक लोखंडी जिन्यावरून खाली कोसळला होता आणि अजून शुद्धीवर आला नव्हता. आदल्या दिवशी त्याचं इस्त्रीवाल्याशी कडाक्याचं भांडण झालेलं, त्यामुळे सगळ्यांची बोटं इस्त्रीवाल्याकडे. साक्षीला म्हणून कारखान्याचा मुकादम एका बाईला घेऊन आला. चादरींच्या घड्या घालायचं तिचं काम. साठी ओलांडलेली, अंगाने काटकुळी, साबणाच्या पाण्याने बोटांची कातडी सोललेली. तिने मान खाली घालून तीन वाक्यं सांगितली. पोपटताईने ती आपल्या भाषेत म्हटली, "इस्त्रीवाला मागून आला. त्याने मेकॅनिकला ढकललं. मेकॅनिक खाली पडला." हवालदाराने टाइप केलं. दहा मिनिटांत काम आटोपलं, आणि संध्याकाळी इस्त्रीवाला कोठडीत गेला.

मंगळवारी सकाळी ती नवऱ्याचा डबा भरत होती, तेवढ्यात मावशीचा फोन आला. आईच्या मागे त्या भाषेत तिच्याशी बोलणारी ही एकटी मावशी उरली होती, तीही सहा महिन्यांतून एकदा.

"अगं, आमच्या शेजाऱ्यांचं छप्पर लामेन," मावशी म्हणाली. म्हणजे छप्पर पडलं.

"अगं बाई! तुम्ही तिथेच होतात? लागलं नाही ना कुणाला?"

मावशी खळखळून हसली. "मी तिथे असते तर 'लामदा' म्हटलं असतं की. मी बाजारात होते. आल्यावर लोकांनी सांगितलं. तुझ्या आईने तुला एवढंही शिकवलं नाही होय?"

पोपटताईच्या हातातला चमचा डब्यात तसाच राहिला. "मावशी, 'लामेन' काय, 'लामदा' काय, दोन्हींचा अर्थ पडलं असाच ना? आई गोष्टी सांगताना असंच बोलायची. राजा मेला, राणी पळाली, सगळं 'एन', 'एन'."

"मग? तुझी आई राजाच्या महालात उभी होती का बघायला? गोष्ट ऐकलेलीच असते गं. डोळ्यांनी पाहिलं तर 'दा', कानाने ऐकलं तर 'एन'. आमच्याकडे तीन वर्षांचं पोरसुद्धा चुकत नाही."

मावशी पुढे बरंच काही बोलत होती. पोपटताईला त्यातलं काही ऐकू आलं नाही. तिच्या कानात कालचा घडीवालीचा बारीक आवाज घुमत होता. घडीवाली काय म्हणाली होती? 'बुरदा'? नाही. ती म्हणाली होती 'बुरेन'. तिन्ही वाक्यांच्या शेवटी 'एन' होतं. त्याने ढकललं नव्हे, ढकललं म्हणे.

एवढासा 'म्हणे'. तो तिने गाळला होता आणि त्यावर एक माणूस आत गेला होता. दुपारी बारा वाजता त्याला न्यायाधीशांपुढे उभं करणार होते.

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि आधी दाराची कडी लावली.

"कुणाला बोललीस हे?"

"कुणालाच नाही. आत्ता कळलं."

"मग बोलू नकोस. आजारी आहेस म्हणून कळव. आज ना उद्या मेकॅनिक शुद्धीवर येईल, तो सांगेल खरं काय ते."

"आणि नाही आला तर?"

नवऱ्याने दाराची कडी पुन्हा ओढून पाहिली. तोही घाबरला होता, आणि त्याला घाबरलेलं पाहून तिची भीती आणखीच वाढली. खोटा जबाब लिहून दिला म्हणून उद्या तिलाच आत टाकलं तर? चूक होती की मुद्दाम, हे कोण ठरवणार? तिच्या भाषेचा साक्षीदार तीच. चपला घालताना तिचा पाय दोनदा चुकीच्या चपलेत गेला.

दहाला ती ठाण्यात पोचली. बाहेरच्या बाकावर मुकादम बसला होता आणि त्याच्या शेजारी, अंग चोरून, घडीवाली. जबाबाच्या एका पानावर तिचा अंगठा घ्यायचा राहिला होता म्हणून त्यांना पुन्हा बोलावलं होतं. पोपटताईला पाहताच मुकादम उठून उभा राहिला.

"या ताई. काल काय झकास सांगितलंत! अगदी स्वच्छ. आमचे मालकही खूष आहेत."

"माझं कामच आहे ते," ती कसंबसं म्हणाली.

"तेच तर. आपापलं काम करावं, दुसऱ्याच्या भानगडीत पडू नये." तो हसला. "तुम्ही त्या औषधांच्या दुकानाच्या वर राहता ना? जिना अंधारा आहे हो तुमचा. जपून जात जा."

तो हे अगदी मायेने म्हणाला. तिने आपण कुठे राहतो हे त्याला कधीच सांगितलं नव्हतं. तिने घडीवालीकडे पाहिलं. घडीवालीने झटकन नजर वळवली, जणू पोपटताईच तिला खाऊन टाकणार होती.

तिथूनच मागे फिरावं असं तिला वाटलं. पाय निघालेही होते. पण कोठडीच्या बाजूने इस्त्रीवाल्याची बायको आली, हातात रिकामा डबा, डोळे सुजलेले, आणि तिच्या बाजूने पुढे जाऊन दारात उभी राहिली. मग मात्र पोपटताईने इन्स्पेक्टरसाहेबांच्या खोलीचं दार ढकललं आणि आत जाऊन पाठीमागे लावून घेतलं.

"साहेब, कालचा जबाब चुकला. माझ्याकडून."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "चुकला म्हणजे?"

"बाईने पाहिलं असं ती म्हणालीच नव्हती. ऐकलं असं म्हणाली होती. मी ते गाळलं."

"तू काल माझ्यासमोर बसून सांगितलंस, ढकललं!"

"शब्द तोच आहे साहेब. फरक शेपटीत आहे." एकदा तोंड उघडल्यावर ती थांबली नाही. "आपण कसं बोलतो बघा. बोलतो, बोलला, बोलणार. बोलका, बोलणं, बोलणारा. मूळ एकच. मागे काय जोडलं त्यावर काळ ठरतो, आणि त्यावरच ते काम आहे, माणूस आहे की गुण आहे तेही ठरतं. त्यांच्याकडेही तसंच. 'बुर' म्हणजे ढकल. 'बुरक' म्हणजे ढकलणारा. पण त्यांच्याकडे एक शेपटी जास्त आहे. 'बुरदा' म्हणजे ढकललं आणि मी पाहिलं. 'बुरेन' म्हणजे ढकललं, पण मी पाहिलं नाही, कुणीतरी सांगितलं. आपण 'म्हणे' वेगळं लावतो, ते क्रियापदातच शिवून टाकतात. मला आज सकाळपर्यंत हे माहीत नव्हतं."

"अकरा वर्षं दुभाषी आहेस आणि माहीत नव्हतं?" साहेब ओरडले. काचेपलीकडच्या हवालदाराने मान वर केली. "माझ्या सहीने तो माणूस आत आहे! माझ्या!"

तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली. साहेब खिडकीपाशी गेले, परत आले, घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा.

"त्या बाईला आत आण. एकटीला. आणि मुकादमाला बाहेर बसव, त्याच्याजवळ एक शिपाई ठेव."

घडीवाली आत आली आणि दाराला चिकटून उभी राहिली. पोपटताईने तिच्या भाषेत विचारलं, सावकाश, शेपटीसकट, "आजी, 'बुरदा' की 'बुरेन'?"

म्हातारीने तिच्याकडे रोखून पाहिलं. मग ती एकदम रडायलाच लागली.

"तुला कळतं होय?" ती म्हणाली. "काल मी तीनदा 'एन' म्हटलं. जोर देऊन म्हटलं. मुकादमाने मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं होतं, असं बोल नाहीतर कामावरून जाशील. मी बोलले. पण 'दा' माझ्या जिभेवर येईना. न पाहिलेल्याला 'दा' लावायचा म्हणजे... मला वाटलं, ही आपल्यातली आहे, ही साहेबांना बरोबर सांगेल. आणि संध्याकाळी इस्त्रीवाला आत गेला तेव्हा कळलं, तू लिहून दिलंस की मी पाहिलं. मला रात्रभर झोप नाही. मला वाटलं, तूही मुकादमाचीच माणूस."

पोपटताईने हे सगळं साहेबांना सांगितलं. शेवटचं वाक्यही तिने गाळलं नाही.

"मग खरं काय झालं ते विचार," साहेब म्हणाले.

खरं एवढंच होतं की जिन्याचा कठडा महिनाभर निखळलेला होता. मेकॅनिकने दोनदा मुकादमाला सांगितलं होतं आणि मुकादमाने दोनदा ऐकून सोडून दिलं होतं. कठडा हलताना तिने पाहिला होता. हे सांगताना तिच्या प्रत्येक क्रियापदाला 'दा' होता. पोपटताईने प्रत्येक वेळी थांबून साहेबांना सांगितलं, "हे पाहिलेलं. हेही पाहिलेलं."

साहेबांनी कारखान्यात माणूस पाठवला. कठड्याला त्या दिवशी सकाळी नवीन वेल्डिंग केलेलं सापडलं, अजून रंगही लावलेला नव्हता. इस्त्रीवाल्याला बारा वाजता न्यायालयात नेलं ते सोडून देण्यासाठीच. मुकादम बाकावरून उठू लागला तेव्हा शिपायाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पाचव्या दिवशी मेकॅनिक शुद्धीवर आला. कठडा हातात आला, एवढंच त्याला आठवत होतं.

घडीवाली दुसऱ्या कारखान्यात कामाला लागली. पोपटताईला तिने एकदा रस्त्यात थांबवलं, गालावरून सोललेली बोटं फिरवली आणि निघून गेली.

पोपटताईची नोकरी गेली नाही. पुढच्या आठवड्यात साहेबांनी तिला बोलावून कपाटाकडे बोट दाखवलं. "अकरा वर्षांचे तुझे जबाब आहेत. किती ठिकाणी 'एन' होता?"

"माहीत नाही साहेब."

"त्यातल्या सतरा जबाबांचं रेकॉर्डिंग आहे. ते ऐक. मावशीला बोलावून घे, दोघी ऐका."

"आणि बाकीचे?"

साहेबांनी खांदे उडवले. ते रागावलेले नव्हते, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. मावशी येईपर्यंत तिला थांबवेना; तिने कानाला हेडफोन लावला. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये एक माणूस खोकला आणि बोलू लागला. तिने श्वास रोखून त्याच्या वाक्याच्या शेवटाकडे कान लावला.