मनोऱ्यावरच्या काचपट्ट्या

जिल्हा न्यायालयाच्या दगडी मनोऱ्याला चार जुन्या भेगा होत्या, आणि त्या पाथरवटाला तोंडपाठ होत्या. तीस वर्षं तोच इमारतीची डागडुजी करत आला होता. प्रत्येक भेगेवर त्याने एक आडवी काचपट्टी चुन्यात बसवली होती. भिंत केसभर जरी हलली, तरी काच तडकणार. आजवर एकही तडकली नव्हती.

त्याचा धाकटा भाऊ इंजिनिअर झाला, तो याच्याच छिन्नी-हातोड्याच्या कमाईवर. इमारतीच्या तपासणीचं काम धाकट्याला मिळालं, तेव्हा थोरल्याचा ऊर भरून आला.

"दादा, नकाशावरून काय कळणार? तूच फिरव मला."

पाथरवटाने हौसेने सगळं दाखवलं. छपराच्या सागवानी कैच्या, कमानींचे मधले दगड, पूर्वी कैद्यांना तळघरातून थेट दालनात आणायचे तो चिंचोळा जिना. वर मनोऱ्याची किल्लीही दिली. "ठेव आठवडाभर. निवांत मापं घे."

महिन्याने इमारत ठेवायची की पाडायची, यावर तिथल्याच मोठ्या दालनात सुनावणी झाली. धाकट्याने अहवाल वाचला. भेगा रुंदावताहेत, चारही काचपट्ट्या तुटल्यात, इमारत पाडावी.

पाथरवट धापा टाकत मनोऱ्यावर गेला. काचा तुटल्या होत्या खऱ्या, पण ठोकून. प्रत्येकीवर हातोडीचा घाव दिसत होता. भेगा मोजल्या. होत्या तेवढ्याच.

धाकटा मागोमाग आला होता.

"तू फोडल्यास?"

"दादा, नव्या इमारतीचं काम मलाच मिळणार आहे. आपल्याच घराचं भलं होईल. तू फक्त गप्प राहा."

पाथरवट खाली उतरला आणि न्यायाधीशांसमोर हात जोडून उभा राहिला.

"साहेब, काचा भिंतीने नाही, माझ्या भावाने फोडल्या. किल्ली मीच दिली होती."

बाहेरचे दोन इंजिनिअर आले. त्यांनी मनोरा ठणठणीत असल्याचं लिहून दिलं. पाडकाम रद्द झालं, धाकट्याचं काम गेलं. वकिलांनी पाथरवटाची पाठ थोपटली. त्याने मान वर केली नाही.

"योग्य तेच केलंत," घरी बायको म्हणाली.

"हो. पण त्याने आधी मला विचारायचं तरी होतं."

"विचारलं असतं, तर हो म्हणाला असतात?"

"नसतो म्हणालो. ते त्यालाही ठाऊक होतं गं. म्हणून तर गोड बोलून माझ्याकडून सगळं दाखवून घेतलं आणि किल्लीही मिळवली."